साखरेच्या दाण्याचा दोनशे चाळिसावा भाग

एस-३० साखरेचा एक दाणा तळहातावर घ्या. चहाला टाकतो ती बारीक साखर. दाणा जेमतेम मिलिमीटरभराचा, वजन ढोबळमानानं एक मिलिग्रॅम धरायला हरकत नाही. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात पाच कोटी दाणे झाले. करकंब उसाच्या पट्ट्यातलं गाव. गावाला कारखाना आहे, हंगामात पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जावं लागतं. त्यामुळे कोटी-अब्जांचे आकडे इथे पोत्यांत मोजले की लवकर डोक्यात शिरतात. आपणही पोत्यांतच मोजू.

माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एका पेशीला एक दाणा असा हिशोब धरला तर १,७२० पोती होतात. वजन ८६ टन, दहा टनांचे नऊ ट्रक, शेवटच्यात थोडी जागा उरेल. आता अंगातली फौज बघा. पांढऱ्या पेशी नुसत्या रक्तात नसतात. हाडांच्या मगजात असतात, आतड्याच्या अस्तरात असतात, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं त्या गाठींत असतात, पाणथरीत असतात. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधले रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ७३ किलो वजनाचा पुरुष नमुना धरून ही सगळी शिरगणती केली. उत्तर आलं १.८ लाख कोटी. पोती छत्तीस हजार, ट्रक एकशे ऐंशी. ट्रकला ट्रक भिडवून उभे केले तर पावणेदोन-दोन किलोमीटरची रांग.

आणि या १.८ लाख कोटी पेशींचं वजन किती? १.२ किलो. मेंदू १.४ किलोचा. म्हणजे प्रत्येकाच्या अंगात वजनानं जवळपास तोलामोलाचे दोन कारभारी आहेत. एक कवटीत बसलेला, दुसरा अंगभर विखुरलेला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असंच वैद्यकात बरीच वर्षं धरून चालत. मेंदूवाल्यांचा विभाग वेगळा, रोगप्रतिकारवाल्यांचा वेगळा, मधल्या जिन्यानं कुणी जात-येत नसे.

तो जिना सापडला तो गोड पाण्यामुळे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट एडर नावाचे मानसशास्त्रज्ञ उंदरांना सॅकरीनचं पाणी पाजत आणि सोबत मळमळ आणणारं औषध टोचत. उंदीर मग गोड पाण्याला तोंड लावेना, इतपत अपेक्षितच होतं. पण पुढे औषध बंद करून नुसतं गोड पाणी दिलं, तरी काही उंदीर मरायला लागले. टोचलेलं औषध होतं सायक्लोफॉस्फमाइड. त्यानं मळमळ तर होतेच, शिवाय प्रतिकारशक्तीही दबते. एडर यांनी निकोलस कोहेन या प्रतिकारशास्त्रज्ञांना हाताशी धरलं आणि १९७५ मध्ये दोघांनी छापलं: ज्या उंदरांची गोडाशी आणि त्या औषधाशी एकदा सांगड बसली, त्यांच्या अंगात नुसत्या गोड पाण्यानंही प्रतिपिंडं कमी तयार होतात. चव कळते मेंदूला. मग प्रतिपिंडं करणाऱ्या पेशींना निरोप कुणी पोचवला?

निरोप्ये बरेच आहेत. नॉरअॅड्रेनलिन, अॅसिटिलकोलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही नावं मेंदूच्या पुस्तकातली, पण यांच्या कड्या पांढऱ्या पेशींच्या दारांवरही सापडल्या आहेत. त्यातल्या त्यात ओळखीचं अॅड्रेनलिन. हे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी सोडतात, तेही मेंदूकडून येणाऱ्या तंतूंच्या हुकमानं.

शांत बसलेल्या माणसाच्या रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अॅड्रेनलिन असतं पन्नास पिकोग्रॅमच्या आसपास. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. अंगात रक्तद्रव साधारण तीन लिटर, म्हणजे सगळं अॅड्रेनलिन गोळा केलं तर भरेल ०.१५ मायक्रोग्रॅम. आपल्या साखरेच्या दाण्याचे साडेसहा हजार तुकडे केले, तर त्यातला एक. डोळ्याला दिसणारच नाही.

आता तेच रेणूंनी मोजू. तेवढ्याशा अॅड्रेनलिनमध्ये साधारण ४९० लाख कोटी रेणू असतात. एका रेणूला एक दाणा धरला तर अठ्ठ्याण्णव लाख पोती, म्हणजे ४.९ लाख टन साखर. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात महाराष्ट्रातल्या सगळ्या कारखान्यांनी मिळून १३७ लाख टन साखर काढली. भागाकार केला की २८ येतात. करकंबच्या स्टँडवर उभी असलेली, धड अर्धीच भरलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. अठ्ठावीस माणसं बसलीत, कुणी खिडकीला डोकं टेकून पेंगतंय, कुणी शेंगा सोलतंय. त्यांच्या रक्तातल्या अॅड्रेनलिनचे रेणू त्या विक्रमी हंगामातल्या साखरेच्या दाण्यांइतके आहेत. आणि सगळ्यांचं मिळून वजन? एका दाण्याचा दोनशे चाळिसावा भाग.

हा हिशोब मी तीनदा करून बघितला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

इतके रेणू म्हटल्यावर वाटतं, पेशी त्यात न्हाऊन निघत असतील. तसं नाही. ४९० लाख कोटींना १.८ लाख कोटींनी भागलं तर एका पेशीच्या वाट्याला पावणेतीनशे रेणू येतात. त्यावर हक्क सांगायला हृदय आहे, यकृत आहे, सगळे स्नायू आहेत. उलट लिंफोसाइट जातीच्या एका पांढऱ्या पेशीच्या अंगावर अॅड्रेनलिनसाठीच्या कड्या असतात हजार-दोन हजार. पुन्हा हा माल टिकाऊ नाही, रक्तातलं अॅड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं. मग घाऊक बाजारात माल ओतून उपयोग काय? पण शरीराची दुसरी सोय आहे, घरपोच टपालाची.

पाणथरी, म्हणजे डॉक्टर जिला प्लीहा म्हणतात ती, डाव्या बरगड्यांखाली असते. वजन दीडशे ग्रॅम. हृदयातून निघालेल्या रक्ताचा विसावा भाग तिच्यातून जातो, म्हणजे वीस-एक मिनिटांत अंगातल्या सगळ्या रक्ताएवढं रक्त तिच्या चाळणीतून निघतं. १९८० च्या दशकात डेव्हिड फेल्टन आणि त्यांचे सहकारी सूक्ष्मदर्शकातून पाणथरीकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा माग काढत होते. हे तंतू रक्तवाहिन्या आवळायला-सैलावायला असतात, एवढंच तोवर माहीत. फेल्टन यांना दिसलं की वाहिनी सोडून काही तंतू थेट पांढऱ्या पेशींच्या वस्तीत शिरलेत आणि पेशींना खेटून उभे आहेत. तंतूचं टोक आणि पेशी यांच्यात अंतर काही ठिकाणी अवघं सहा नॅनोमीटर. मेंदूत दोन चेतापेशींमधली फट सुद्धा वीस नॅनोमीटरची असते.

नॅनोमीटर म्हटलं की नजरेसमोर काहीच येत नाही. म्हणून सगळं पाच लाख पट मोठं करू. लिंफोसाइट होईल चार मीटरची, म्हणजे एखाद्या खोलीएवढी. मेंदूतली फट एक सेंटिमीटरची, पाणथरीतली तीन मिलिमीटरची. निरोप्याचा रेणू रव्याच्या कणाएवढा. आणि ज्या माणसाच्या पोटात ही खोली आहे तो पाच फूट पाच इंचांचा माणूस डोकं मुंबईत आणि पाय नागपुरात ठेवून झोपलेला असेल, जुन्या रस्त्यानं मोजलं तर. तेवढ्या देहात एका खोलीच्या भिंतीपासून तीन मिलिमीटरवर कुणीतरी चिमूटभर रवा टाकतं. रक्तात नॉरअॅड्रेनलिनही असंच पातळ असतं, पण ते टाकणाऱ्या तंतूच्या टोकाशी हजारपट दाट होतं. आकडे मोठे आहेत म्हणून निरोप पोचतो असं नाही. तो पोचतो पत्ता नेमका असल्यामुळे.

या टपालात एक गंमत आहे. मेंदूतून निघून मान, छाती, पोट असा भटकत जाणारा व्हेगस नावाचा जाड दोर आहे. त्यात लाखभर तंतू असतात, त्यातले सुमारे ८० टक्के खालच्या बातम्या वर नेणारे आणि उरलेले हुकूम खाली आणणारे. न्यूयॉर्कजवळच्या फाइनस्टाइन इन्स्टिट्यूटमधले केविन ट्रेसी मूळचे मेंदूचे शल्यविशारद. २००० मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की उंदरांना जंतूंचं विष टोचून व्हेगसला विजेचे हलके झटके दिले, तर अंगात दाह भडकवणारं टीएनएफ हे प्रथिन फार वाढत नाही आणि उंदीर धक्क्यानं कोलमडत नाहीत. पण व्हेगस तर पाणथरीत जातच नाही! मग? तो वाटेत निरोप दुसऱ्या तंतूच्या हाती देतो. तो तंतू पाणथरीत नॉरअॅड्रेनलिन टाकतो. ते उचलतात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि या टी-पेशी, २०११ मध्ये कळलं त्याप्रमाणे, स्वतःच अॅसिटिलकोलिन तयार करून शेजारच्या भक्षक पेशीला देतात. भक्षक पेशी टीएनएफ ओतायची थांबते. जुन्या काळी जासूदजोड्या ठाण्याठाण्यावर लखोटा बदलत नेत, तशातलाच हा प्रकार. शेवटचा जासूद मात्र लष्करातलाच शिपाई, आणि तो बोलतो मेंदूची भाषा. याच धाग्यावरून मानेत बसवायचं एक छोटं यंत्र निघालं. रोज मिनिटभर व्हेगसला चाळवायचं, सांधे धरणाऱ्या संधिवातासाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२५ मध्ये त्याला मान्यता दिली.

पण सगळे निरोप एकदम सुटले तर काय होतं, हे बघायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. आमच्या भागात त्यासाठी विंचू आहेत.

माळवदाच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा. मातीच्या धाब्याखालच्या चिपाडांतून, सरपणातून, रचलेल्या शेणकुटांतून विंचू निघायचे. ऊसतोडीला पाचटात हात घालताना तर हमखास. आमच्याकडे एकदा रात्री चुलतीला चावला. घर गोळा झालं. कुणी म्हणालं इंचू उतरवणाऱ्याला बोलवा, कुणी चुना आणला. आजी जागची उठली नाही. तिनं एवढंच विचारलं, "सुनबाईला घाम फुटलाय का रं? हातपाय गार लागत्यात का बघ." घाम नव्हता. "मग काय न्हाय. रातभर ठणकल." रात्रभर ठणकला, सकाळी उतरला. श्रेय अर्थातच उतरवणाऱ्याला गेलं.

आजीचा प्रश्न बरोबर होता हे मला फार पुढे कळलं. लाल विंचवाचं विष चेतातंतूंवरच्या सोडियमच्या झडपांना चिकटतं. एरवी ही झडप एक-दोन हजारांश सेकंद उघडते आणि मिटते. विष तिला मिटू देत नाही. तंतू थांबायचं विसरतो आणि साठवलेला सगळा माल ओतत सुटतो. आधी अॅसिटिलकोलिनचा जोर, म्हणून दरदरून घाम, लाळ, उलट्या. मग नॉरअॅड्रेनलिन आणि अॅड्रेनलिन: वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. अशा रुग्णाचं रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशीही वाढलेल्या दिसतात. जंतू कुठेच नसतात, तरी फौज रस्त्यावर. कारण एरवी रक्तातल्या लढाऊ पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून विश्रांती घेत असतात. अॅड्रेनलिननं त्यांची पकड सुटते आणि त्या प्रवाहात येतात.

डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातले. १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवानं माणसं मरताना बघत होते, आणि एकेका रुग्णाच्या उशाशी बसून घाम, नाडी, रक्तदाब लिहून ठेवत होते. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. मग त्यांनी रक्तदाबाची एक स्वस्त गोळी वापरून पाहिली. प्राझोसिन. नॉरअॅड्रेनलिन ज्या कड्या वाजवतं, त्यातल्या एका जातीच्या कड्यांवर ही गोळी हात ठेवते. १९८६ मध्ये तेही 'लॅन्सेट'नं छापलं. आधी गंभीर रुग्णांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास दगावत, ते प्रमाण त्यांच्या नोंदींनुसार एक टक्क्याच्या जवळ आलं. २०११ मध्ये त्यांनी प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस देऊन तुलना केली. दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे, नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. प्रतिलस म्हणजे घोड्याच्या फौजेनं घडवलेली प्रतिपिंडं. एका औषधानं निरोप अडवला, दुसऱ्यानं निरोप सोडणाऱ्याला पकडलं. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आषाढीला पैठणहून निघालेली नाथांची पालखी करकंबच्या वाटेनं पंढरपूरला जाते. नाथांचं विंचवाचं भारूड सगळ्यांना पाठ आहे. त्यातला विंचू खरा विंचू नाहीच, तो काम-क्रोधाचा. आणि तो चावला की माणसाला काय होतं, तर घाम फुटतो! नाथांना चेतातंतू ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण त्यांनी अंगावरची खूण नेमकी पकडली. क्रोधानं जे सुटतं तेच या विषानं सुटतं, फक्त क्रोधात झडपा मिटतात.

मिटतात, हे महत्त्वाचं. थोड्या वेळाचा ताण फौजेला जागं करतो. जर्मनीत पहिल्यांदाच विमानातून उडी घेणाऱ्या ४५ जणांचं रक्त उडीआधी, लगेच नंतर आणि तासाभरानं तपासलं. उडीनंतर लगेच त्यांच्या रक्तात मारक पेशींची संख्या भराभर वाढली होती, आणि तासाभरात मूळच्यापेक्षाही खाली आली होती. रोज उठून उडी मारावी लागणाऱ्यांचं मात्र वेगळं. ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ मध्ये घरातल्या स्मृती गेलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका घेतल्या, आणि त्याच वयाच्या पण तसा भार नसलेल्या १३. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली आणि ती भरायची वाट पाहिली. भार नसलेल्यांना सरासरी ३९ दिवस लागले, शुश्रूषा करणाऱ्यांना जवळपास ४९. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर एक जखम सुट्टीत केली, एक परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेतली भरायला ४० टक्के जास्त वेळ लागला. इंग्लंडमध्ये ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू थेंबांनी सोडले. ज्यांचा ताण सगळ्यांत कमी होता त्यांच्यातल्या २७ टक्क्यांना सर्दी झाली, सगळ्यांत जास्त होता त्यांच्यातल्या ४७ टक्क्यांना. यात एकट्या अॅड्रेनलिनचा हात नाही, कॉर्टिसॉल आहे, मोडलेली झोप आहे.

सासऱ्यांच्या अंथरुणाशी दोन-दोन वर्षं काढलेल्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. विळीनं कापलेलं बोट महिनाभर चिंधीत बांधून फिरतात आणि "भरंना बाई" म्हणतात. साखर तपासून घ्या, असं सांगतो आपण त्यांना. तपासावीच. पण ते दहा दिवस कुणी मोजलेत, हेही ठाऊक असावं. याच्या उलट, 'चांगले विचार करा, कॅन्सर पळेल' असले निरोप मोबाइलवर फिरत असतात, त्यांचा मला वैताग येतो. वरच्या कुठल्याही आकड्यातून तसं काही निघत नाही. २७ टक्के बिनताणवाल्यांनाही सर्दी झालीच की.

आणि हे टपाल दोन्ही बाजूंनी चालतं, याचा पुरावा औषधाच्या दुकानात एक-दोन रुपयांना मिळतो. हिस्टामाइन हे प्रतिकारपेशींचं हत्यार, अंगावर पित्त उठवणारं, नाक गाळणारं. पण मेंदूतही हिस्टामाइन बनवणाऱ्या चेतापेशी आहेत, ८,६०० कोटींपैकी जेमतेम ६४ हजार. २०११ च्या जनगणनेत पंढरपूर शहराची वस्ती लाखाच्या जवळ होती, तेवढ्याही नाहीत. एवढ्या मूठभर पेशी सगळ्या मेंदूला जागं ठेवायला हातभार लावतात. म्हणून सर्दीची जुनी पिवळी गोळी घेतली की नाक थांबतं आणि डोळे मिटतात. गोळीला बिचारीला काय माहीत, कुठलं हिस्टामाइन नाकातलं आणि कुठलं डोक्यातलं.

आता ती एसटी. तिच्यातही कुणीतरी तीच गोळी घेऊन पेंगत असणार. गाडी स्टँड सोडून पंढरपूरच्या रस्त्याला लागलेली. संध्याकाळ, समोर दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. शेंगांची पुडी सांडली, एका म्हातारीच्या तोंडून "इठ्ठला" निघालं. ऊस काचेपासून हातभर अंतरावर.

अशा वेळी अॅड्रेनलिन सहज दहापट होतं. म्हणजे अठ्ठावीस जणांत मिळून विक्रमी असे दहा हंगाम, वजन दाण्याच्या चोविसाव्या भागाएवढं. अठ्ठावीस अंगांत भिंतींना टेकलेल्या पेशी सुटून रक्तात आल्या. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्या काढल्या, गाडी मागे घेतली, बाजूनं काढली. तोवर अडीच मिनिटं झाली होती आणि दहाचे पाच हंगाम उरले होते. म्हातारीनं सांडलेल्या शेंगा वेचायला घेतल्या.